ऑस्लोने नकार दिला, बीजिंगला कुणी विचारलंच नाही

विंटर ऑलिम्पिकचं आपल्याला काय, असं कुणी म्हणालं तर त्यात चूक काही नाही. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, एवढाच आपला बर्फाशी संबंध. पण मला जे बोलायचंय ते बर्फाबद्दल कमी आणि राजधानीबद्दल जास्त आहे. देशाच्या राजधानीत अब्जावधी खर्चाचा हिवाळी सोहळा भरवायचा की नाही हे नक्की कुणी ठरवायचं? सरकारने, ऑलिम्पिकवाल्यांनी, की ज्यांच्या टॅक्समधून ते सगळं होणार त्या लोकांनी? माझं मत आधीच सांगून टाकतो, लोकांनी, आणि तेही बिल हातात घेऊन, मतपेटीतून. आता हे मत का झालं ते सांगतो, थोडं लांबेल.

गंमत बघा. हिवाळी ऑलिम्पिक १९२४ पासून चालू आहे, पण देशाच्या राजधानीत ते भरलं फक्त दोनदा. १९५२ ला ऑस्लो आणि २०२२ ला बीजिंग. (१९८४ चं साराजेव्हो आज बोस्नियाची राजधानी आहे, पण तेव्हा देश होता युगोस्लाव्हिया आणि त्याची राजधानी बेलग्रेड, त्यामुळे ते यात धरत नाही, त्याच्याकडे नंतर येतो.) बाकी सगळी शामोनी, सेंट मॉरिट्झ, लेक प्लॅसिड, लिलेहॅमर अशी डोंगरातली गावं, नाहीतर मग टोरिनो, व्हँकुव्हर अशी मोठी पण राजधानी नसलेली शहरं. आणि या दोन राजधान्यांची गोष्ट एकमेकींत अडकलेली आहे, कारण २०२२ साठी ऑस्लोसुद्धा शर्यतीत होतं, शेवटच्या तिघांत होतं, आणि बाहेर पडलं ते स्वतःहून.

आधी १९५२ चं ऑस्लो. महायुद्ध संपून सातच वर्षं झालेली, जर्मन फौजांनी पाच वर्षं व्यापलेला देश, तिथे हे खेळ झाले. उद्घाटन राजाने करायचं होतं पण इंग्लंडचे सहावे जॉर्ज नेमके त्याच महिन्यात वारले, राजघराण्यातली मोठी माणसं अंत्यविधीला लंडनला गेली आणि उद्घाटन केलं तरुण राजकन्या रान्हिल्डने. होल्मेनकोलेनच्या स्की जंपला लाखाच्या वर माणसं उभी होती. बिस्लेट स्टेडियमवर यालमार आंडर्सनने स्केटिंगची तीन सुवर्णपदकं मारली आणि अख्खा देश खूश. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर राहण्याची सोय. खेळाडूंसाठी तीन ठिकाणी इमारती बांधल्या, त्यातली सोग्नची नंतर विद्यार्थ्यांना मिळाली, उल्लेव्हालची हॉस्पिटलच्या स्टाफला आणि इलाची झाली वृद्धाश्रम. म्हणजे शहराला ज्याची गरज होतीच ते बांधलं आणि पाहुण्यांना दोन आठवडे वापरायला दिलं. बॉबस्लेचा (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीच्या शर्यतीचा) ट्रॅक तर बर्फाचाच रचला होता, खेळ संपले, काढून टाकला, विषय संपला. हल्ली तोच ट्रॅक काँक्रीटचा होतो, त्याला रेफ्रिजरेशनचे पाइप लागतात, आणि पुढची चाळीस वर्षं त्याचं करायचं काय म्हणून नगरपालिका कपाळाला हात लावून बसते.

तेव्हाही बर्फाची पंचाईत झालीच होती. अल्पाइनच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीइंगच्या, सगळ्या शर्यती ऑस्लोत नव्हत्या, डाउनहिल आणि जायंट स्लॅलम शंभरेक किलोमीटरवर नोरेफ्येलला होत्या, तिथे बर्फ कमी पडला म्हणून सैनिकांनी आणि विद्यार्थ्यांनी आजूबाजूचा बर्फ फावड्याने आणून उतारावर टाकला. तेव्हा ऑस्लोच्या लोकांना कुणी मतदान करून विचारलं होतं का, तर नाही, महापालिकेने ठरवलं होतं, हेही सांगायला पाहिजे. पण तेव्हाचा पसारा एवढा की ३० देश आणि ७०० च्या आत खेळाडू, आणि जबाबदारी घेतली महापालिकेने म्हणजे चुकलं तर पुढच्या निवडणुकीत धरायला माणूस समोर.

मग मधली साठ वर्षं गेली. ऑस्लोला बर्फाच्या खेळांचं कौतुक कमी झालं असं अजिबात नाही, उलट तिथे मेट्रोत लोक स्की खांद्यावर टाकून चढतात, होल्मेनकोलेनला मेट्रोचं स्टेशनच आहे, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर जंगलात दिवे लावलेल्या वाटांवर स्कीइंग करून घरी जेवायला. दरवर्षी होल्मेनकोलेनला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात. २०११ ला नॉर्डिक स्कीची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, त्यासाठी जुना जंप पाडून नवा बांधला, दिसायला देखणा आहे यात वाद नाही, पण त्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि शहरात त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. हे लोकांच्या डोक्यात ताजं होतं तेवढ्यात २०२२ च्या ऑलिम्पिकचा प्रस्ताव आला.

सप्टेंबर २०१३ मध्ये, संसदेच्या निवडणुकीबरोबरच, ऑस्लोत सार्वमत घेतलं. निकाल काय लागला? हो! निम्म्याहून थोडे जास्त लोक हो म्हणाले. लोकांना विचारलं की लोक नाहीच म्हणतात असं जे म्हणतात ना त्यांनी हे लक्षात ठेवावं. पण तो होकार ऑस्लोचा होता, आणि पैशाची हमी द्यायची होती अख्ख्या देशाने, साधारण ३५ अब्ज क्रोनरचा विषय होता. इथे राजधानी असण्याचा पेच सुरू होतो. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला ट्रॉम्सो नावाचं गाव आहे, २०१८ च्या खेळांसाठी त्यांचं नाव आधी ठरलं होतं, मग खर्चाचे आकडे बघून २००८ मध्ये तो बेत गुंडाळला. आता तिकडच्या माणसाला काय वाटेल? आमच्याकडे यायची वेळ आली तेव्हा परवडत नव्हतं आणि राजधानीत करायचं म्हटल्यावर पैसे निघाले? मुंबई-पुण्याला काही मिळालं की मराठवाड्यात, विदर्भात जे बोललं जातं तेच की हे. पुढच्या वर्षभरात देशातलं मत फिरत गेलं, सत्तेत सामील असलेल्या प्रोग्रेस पार्टीने २०१४ च्या अधिवेशनात विरोधात ठराव केला, आणि १ ऑक्टोबर २०१४ ला पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांच्या स्वतःच्या होयरे पक्षाने हमी द्यायला नकार दिला. खेळ खल्लास.

त्याच दिवसांत तिथल्या व्हीजी या पेपरने आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अपेक्षांची यादी छापली, आणि ती वाचून मला तरी आपल्याकडच्या जुन्या वरपक्षाचा मानपान आठवला. उद्घाटनाच्या आधी राजाची भेट पाहिजे, नंतर मद्याचं रिसेप्शन पाहिजे आणि त्याचा खर्च राजवाड्याने नाहीतर आयोजकांनी करावा. रस्त्यावर समितीच्या गाड्यांसाठी वेगळी लेन. हॉटेलचा बार रात्री उशिरापर्यंत चालू, मिनीबारमध्ये कोकाकोलाच्याच बाटल्या. खोलीत फळं आणि केक. मीटिंगच्या खोलीचं तापमान बरोब्बर २० डिग्री. विहीणबाईंनी एवढं मागितलं असतं तर लग्न मोडलं असतं. समितीने नंतर खुलासा केला की या मागण्या नव्हत्याच, आधीच्या यजमानांच्या अनुभवातून जमा केलेल्या सूचना होत्या, आणि नॉर्वेच्या पुढाऱ्यांनी अर्धवट माहितीवर निर्णय घेतला. असेल बुवा. पण ज्या देशात राजा स्वतः ट्रामने फिरलेला आहे (सध्याच्या राजाचे वडील ओलाव, १९७३ च्या पेट्रोल टंचाईत, खिशातून तिकिटाचे पैसे काढून देताना फोटो आहे) त्या देशात ही यादी छापून आल्यावर काय होणार होतं?

तर ऑस्लो गेलं. आणि एकटं ऑस्लो नाही गेलं. त्याच शर्यतीतून स्टॉकहोम, ही पण राजधानीच, जानेवारी २०१४ मध्ये बाहेर पडली कारण तिथल्या पुढाऱ्यांना हिशेब जमेना. पोलंडच्या क्राकोने मे २०१४ मध्ये मतदान घेतलं, जवळजवळ ७० टक्के लोक नाही म्हणाले. म्युनिकने २०१३ मध्ये मत घेतलं, नाही. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युन्डेन प्रांताने घेतलं, जिथे सेंट मॉरिट्झ आणि दावोस आहे, ज्यांचा धंदाच बर्फ, तेही नाही. युक्रेनचं ल्विव्ह युद्धामुळे बाहेर. उरले कोण, तर बीजिंग आणि कझाकस्तानचं अल्माटी (जी १९९७ पर्यंत त्यांची राजधानी होती, योगायोग). दोन्हीकडे अशा खेळांसाठी लोकांना विचारायची पद्धत नव्हती. अल्माटीकडे निदान खरा बर्फ होता आणि त्यांनी प्रचारही त्यावरच केला. ३१ जुलै २०१५ ला क्वालालंपूरमध्ये मतदान झालं, पहिल्यांदा टॅब्लेटवर घेतलं ते गंडलं, मग कागदावर घेतलं, आणि ४४ विरुद्ध ४० अशा काठावरच्या फरकाने बीजिंग जिंकलं. म्हणजे ऑलिम्पिक समितीच्या ८५ लोकांना मत होतं, बीजिंगच्या दोन कोटींना नव्हतं.

आता बीजिंगबद्दल. पाश्चात्य पेपर जे लिहितात तेवढंच घेऊन चीनला झोडपायला मला आवडत नाही, कारण तिथे काही गोष्टी खरोखर चांगल्या झाल्या. २००८ च्या उन्हाळी ऑलिम्पिकचा जलतरण तलाव, वॉटर क्यूब, जिथे मायकेल फेल्प्सने आठ सुवर्ण घेतली, तिथेच पाण्यावर सांगाडा टाकून बर्फ केला आणि कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवायचा खेळ) खेळवलं. २००८ च्याच बर्ड्स नेस्ट स्टेडियममध्ये उद्घाटन. शोगांगचा जुना पोलाद कारखाना, जो शहरातून हलवून खेबेईच्या किनाऱ्यावर नेला, त्याच्या रिकाम्या जागेवर कूलिंग टॉवरच्या शेजारी बिग एअरचा (स्कीवरून हवेत उडी मारायच्या खेळाचा) उतार बांधला, चीनच्या आयलीन गूने तिथेच सुवर्ण घेतलं. ते टॉवर बघून काही लोक हसले, मला उलट ते आवडलं, गिरणगावच्या चिमण्या पाडून मॉल उभे करणाऱ्या शहरांनी बघण्यासारखं आहे. बीजिंग ते झांगजियाको ही १७४ किलोमीटरची रेल्वे ताशी ३५० च्या वेगाने धावते, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि १९०९ मध्ये झान तियानयू नावाच्या चिनी इंजिनियरने परदेशी मदतीशिवाय जी लाइन बांधली होती तिच्याच मार्गावरची ही नवी आवृत्ती. रेल्वे आजही चालू आहे, लोक वापरतायत. हे सगळं मान्य.

पण बर्फ? अल्पाइनच्या शर्यती बीजिंगच्या बाहेर यानचिंगला आणि बाकीच्या बर्फावरच्या बऱ्याचशा झांगजियाकोला, आणि या दोन्ही ठिकाणी थंडी कडाक्याची पण हवा कोरडी, बर्फ पडतोच किती, नावाला. समितीच्या स्वतःच्या मूल्यमापन अहवालात २०१५ मध्येच लिहिलं होतं की इथे कृत्रिम बर्फावरच अवलंबून राहावं लागेल. आणि तसंच झालं, जवळजवळ सगळा बर्फ मशीनने बनवला. टीव्हीवर जे दिसलं ते आठवतंय का, तपकिरी डोंगर, करडी झुडपं, आणि मधोमध पांढरी पट्टी खाली उतरत गेलेली. बर्फ बनवायला पाणी लागतं, आणि हे सगळं त्या शहराच्या उशाला ज्याचं पिण्याचं पाणी हुबेईच्या दानजियांगकोउ धरणातून हजार-बाराशे किलोमीटरच्या कालव्याने आणावं लागतं. यानचिंगचा उतार सोंगशान अभयारण्याच्या भागात, त्यासाठी अभयारण्याच्या हद्दी बदलल्या. हे ऑस्लोत झालं असतं का? ऑस्लोभोवतीच्या जंगलाला २००९ चा स्वतःचा वेगळा कायदा आहे, हद्दीत घुसायचं म्हटलं की शहर अंगावर येतं. बीजिंगमध्ये तुरळक लोकांनी ऑनलाइन आवाज काढला, तो विरला.

हवेचं उदाहरण तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. २०१३ च्या आसपास बीजिंगची हवा म्हणजे जगात थट्टेचा विषय, पीएम २.५ (फुप्फुसात जाणारे बारीक धूलिकण) ची वर्षाची सरासरी ९० च्या जवळ. कोळसा बंद केला, बॉयलर बदलले, कारखाने हलवले, आणि २०२१ ची सरासरी आली ३३, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ३५ च्या मर्यादेत पहिल्यांदाच. ही फार मोठी कामगिरी आहे, दिल्लीकराने आणि हल्ली मुंबईकरानेही हेवा करावा अशी. समर्थक म्हणतात की खेळांचं निमित्त होतं म्हणून झालं. मी म्हणतो की मग दोन कोटी माणसांची फुप्फुसं हे निमित्त पुरेसं नव्हतं का? पाहुणे येणार म्हणून जे करता येतं ते घरच्यांसाठी करता येत नव्हतं असं तर नाही, पैसा तोच, मशीन तीच, मग अडत काय होतं? बरं, ही हवा एका रात्रीत सुधारली नाही, २०१३ पासूनचा कार्यक्रम होता, म्हणजे यजमानपद मिळायच्या आधीपासूनचा. त्यामुळे त्याचं श्रेय खेळांना द्यायचं कारणच नाही.

खर्चाचं तर विचारूच नका. अधिकृत बजेट ३.९ अब्ज डॉलर सांगितलं, पण त्यात ती रेल्वे नाही, रस्ते नाहीत. असंच असतं हे, कुठलाही देश घ्या, जे दाखवायचं ते बजेटमध्ये आणि जे लपवायचं ते "पायाभूत सुविधा" या खात्यात. आणि एवढं करून प्रत्यक्ष खेळ बघायला बीजिंगकर होते कुठे? कोविडमुळे तिकीटविक्री झालीच नाही, निवडक निमंत्रितांना आत घेतलं, बाकी सगळे बबलच्या बाहेर. ३४ कोटी ६० लाख लोक बर्फाच्या खेळांत सामील झाले असा आकडा सरकारने दिला, आकडा सरकारी आहे एवढं लक्षात ठेवून वाचायचा.

राजधानीत खेळ भरले की ते खेळ राहत नाहीत, सरकारचा सोहळा होतात, हा माझा खरा मुद्दा आहे. लिलेहॅमरला १९९४ मध्ये जे झालं ती गावची जत्रा होती, चांगल्या अर्थाने. राजधानीत मंत्रालय तिथेच, दूतावास तिथेच, परदेशी पाहुणे राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी बसणार, मग चेकवर सही करणारा आणि पहिल्या रांगेत बसणारा एकच माणूस होतो आणि मधे कुणी नाही म्हणणारा उरत नाही. बीजिंगला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी शिनजियांग प्रांतातल्या उइगर मुसलमानांवरच्या अत्याचारांवरून राजनैतिक बहिष्कार टाकला, खेळाडू पाठवले पण मंत्री नाही, तर तिकडून उत्तर म्हणून ज्योत पेटवायला शेवटच्या दोघांत उइगर खेळाडू दिनिगीर यिलामुजियांग उभी केली. वीस वर्षांची पोरगी ती, स्कीइंग करायला आली होती, तिला जगाच्या भांडणात उत्तर म्हणून वापरलं. आपल्यालाही त्याची झळ बसलीच. गलवानमध्ये जून २०२० ला आपले २० जवान गेले, त्या झटापटीतल्या ची फाबाव या चिनी अधिकाऱ्याला मशालवाहक केलं, मग भारताने आपल्या दूतावासाचा प्रतिनिधी उद्घाटन-समारोपाला पाठवला नाही आणि दूरदर्शननेही ते सोहळे दाखवले नाहीत. योग्यच केलं. पण यात काश्मीरचा आरिफ खान, भारताचा तिथला एकमेव खेळाडू, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला, ते किती जणांना माहीत आहे?

साराजेव्होचं म्हटलं होतं नंतर येतो. १९८४ मध्ये तिथे युरे फ्रांकोने युगोस्लाव्हियाला हिवाळी खेळांतलं पहिलं पदक मिळवून दिलं, लोक वेडे झाले होते, व्हुच्को लांडगा हे बोधचिन्ह आजही तिथे दुकानात मिळतं. आठ वर्षांत युद्ध आलं. झेत्रा स्टेडियमवर बॉम्ब पडले, तिथल्या लाकडी खुर्च्यांच्या फळ्या शवपेट्यांना वापरल्या, त्रेबेविच डोंगरावरचा बॉबस्ले ट्रॅक सैनिकांच्या आडोशाला आला आणि आता ग्राफिटीने भरलेला पडून आहे. यात खेळांचा दोष काही नाही, युद्ध कुणी सांगून येत नाही. मी एवढ्यासाठी सांगितलं की "या खेळांनी देश जोडला जाईल" अशी भाषा उद्घाटनाच्या भाषणात आली की मला त्रेबेविच आठवतो.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण ते फालतू नाही. एक म्हणजे सार्वमतात लोक फक्त खर्च बघतात, फायदा वीस वर्षांनी दिसतो, तो त्यांना दिसत नाही. दुसरं, असं सगळीकडे विचारत बसलं तर खेळ भरणारच नाहीत, किंवा भरतील ते फक्त जिथे विचारायची पद्धत नाही तिथे, म्हणजे जे २०१५ ला झालं तेच. हे दुसरं खरंच अवघड आहे. पण त्याचं उत्तर लोकांना विचारणं बंद करणं हे कसं असेल? लोक नाही म्हणतायत तर पसारा कमी करा की. ऑस्लोचा राग बर्फावर नव्हता, खेळाडूंवर नव्हता, तो हमीपत्रावर आणि त्या मिनीबारवर होता. समितीलाही हे कळलं, डिसेंबर २०१४ मध्येच सुधारणांचा कार्यक्रम आणला, असलेली मैदानं वापरा, दुसऱ्या देशातलं वापरलं तरी चालेल वगैरे. २०२६ साठी स्टॉकहोम-ओरे यांनी खरंच तसा प्रस्ताव दिला होता, बॉबस्ले लॅटव्हियातल्या सिगुल्दाला करू म्हणाले, समुद्रापलीकडे, कारण तिथे ट्रॅक आहेच. पण स्टॉकहोम महापालिका करारावर सही करायला तयार होईना, स्वीडनमध्ये पाठिंबा ५५ टक्के आणि इटलीत ८३, आणि २०१९ मध्ये मिलान-कॉर्टिनाने ४७ विरुद्ध ३४ ने बाजी मारली. आणि इटलीने काय केलं, तर कॉर्टिनात नवा कोरा बॉबस्ले ट्रॅक बांधला, झाडं तोडून.

आणि मग समितीने आणखी एक सुधारणा केली, जी मला सुधारणा वाटतच नाही. २०१९ पासून उघड शर्यतच बंद. आता एका आयोगाच्या बंद खोलीत "संवाद" होतो, मग एकच नाव बाहेर येतं आणि अधिवेशनात त्यावर शिक्का. हे स्वस्त पडतं, हरणाऱ्या शहरांचे पैसे वाचतात, खरं आहे. पण लोकांना प्रश्न विचारायची जी खिडकी मिळायची, अर्ज टाकला आणि निकाल लागेपर्यंतची दोन वर्षं, ती पण बंद झाली. आता नाव बाहेर येतं तेव्हा सगळं ठरलेलं असतं.

यातलं एक पान मुंबईत लिहिलं गेलं हे आपल्यालाच माहीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समितीचं १४१ वं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं. त्यात क्रिकेट २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये घेतलं, तेवढंच आपल्या पेपरात आलं आणि व्हॉट्सॅपवर फिरलं. पण त्याच हॉलमध्ये २०३० आणि २०३४ च्या हिवाळी खेळांचे यजमान एकदमच ठरवायचं मान्य झालं, आणि सांगितलं गेलं की २०४० पर्यंत बर्फावरचे खेळ भरवू शकतील असे देश जगात दहाच्या आसपास उरतील. हवामान बदललंय, डोंगरावरचा बर्फ कमी होतोय. जागा कमी, घाई जास्त, आणि प्रश्न विचारायला वेळ नाही, असा तो मामला.

त्याच अधिवेशनात पंतप्रधानांनी २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्न करेल असं जाहीर केलं, आणि २०३० ची कॉमनवेल्थ तर अहमदाबादला मिळालीच आहे. हिवाळी खेळ नाहीत हे, माहिती आहे, पण प्रश्न तोच आहे. दिल्लीत, आपल्या राजधानीत, २०१० च्या कॉमनवेल्थला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, झोपडपट्ट्यांपुढे लावलेले पडदे, उद्घाटनाच्या बारा दिवस आधी कोसळलेला पूल. हिवाळी पाहिजे असेल तर डेहराडून घ्या, उत्तराखंडची राजधानी. जानेवारी २०११ मध्ये पहिले दक्षिण आशियाई हिवाळी खेळ डेहराडून आणि औलीत भरले, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मापाची आइस रिंक बांधली, आणि खेळ संपल्यावर ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली कारण बर्फ टिकवायचं वीजबिल कोण भरणार. २०२५ मध्ये ती परत सुरू केली, ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली, हे उत्तमच. पण मधल्या काळात ज्या पोरांनी स्केटिंग शिकायचं ते चाकांवर शिकले. हे वीजबिल २०१० मध्ये कागदावर मांडून कुणी डेहराडूनकरांना दाखवलं असतं तर कदाचित छोटी रिंक झाली असती आणि ती चालू राहिली असती.

कुणी म्हणेल भारतात सार्वमताची पद्धतच नाही, घटनेत तरतूद नाही. तरतूद नाही हे बरोबर, पण मनात आलं की आपण घेतो. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांना खाणीबद्दल विचारलं, बाराच्या बारा नाही म्हणाल्या. त्याच्याही आधी आपल्या रायगडात, सप्टेंबर २००८ मध्ये, महामुंबई सेझबद्दल पेण तालुक्यातल्या २२ गावांचं मत सरकारनेच घेतलं होतं. आणि लोकांना विचारलं म्हणजे विषय मेलाच असंही नाही. ज्या म्युनिकने २०१३ ला हिवाळी खेळांना नाही म्हटलं त्याच म्युनिकने ऑक्टोबर २०२५ मध्ये उन्हाळी ऑलिम्पिकसाठी ६६ टक्क्यांनी हो म्हटलं, कारण १९७२ चं स्टेडियम, पार्क, मेट्रो सगळं आहेच, फार काही नवीन बांधायचं नाही हे त्यांना पटवून दिलं होतं. पटवून द्यावं लागतं, एवढाच काय तो फरक पडतो, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

महाराष्ट्रात तर बायका दारूचं दुकान बंद करायला वॉर्डात मतदान मागतात, उभी बाटली की आडवी बाटली, पुरेशी मतं आडवीला पडली की शटर खाली. गल्लीतल्या देशीच्या दुकानासाठी जे चालतं ते हजारो कोटींच्या स्टेडियमसाठी का चालू नये हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. चिन्ह काय ठेवायचं, उभी मशाल की आडवी मशाल, ते निवडणूकवाले बघून घेतील.